पॉइंट टू-टू रायफलला मानवणारा लॉट कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सतरा वर्षांची, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून म्हणजे निलिंग, पालथं पडून म्हणजे प्रोन, उभं राहून म्हणजे स्टँडिंग) राज्य स्पर्धा खेळते. रायफल जर्मन बनावटीची, एका जुन्या खेळाडूकडून घेतलेली. क्लबातले तीन जण तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं सुचवतात. सगळ्यांत वरच्या प्रतीची घेतली तर गुण वाढतील का? आणि अमेरिकेतले शिकारी घरी हाताने काडतुसं भरून रायफलची अचूकता वाढवतात, तसं आपल्याला करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. नाही, तसं करता येणार नाही, आणि करूनही पाहू नका.

हाताने भरण्याचं ते तंत्र सेंटरफायर काडतुसांचं, म्हणजे ज्यांच्या तळाच्या मध्यावर वेगळा प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) असतो अशांचं. कोलोरॅडो किंवा मोंटानात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस ६.५ क्रीडमूर किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नम अशी काडतुसं वापरतो, आणि चारशे मीटरवरून एकाच गोळीत जनावर पडावं, जखमी होऊन पळू नये, म्हणून महिनोन् महिने तयारी करतो. गोळी उडाल्यावर उरलेली पितळी नळकांडी, म्हणजे केस, तो पुन्हा वापरतो. तिची मान डाय नावाच्या साच्यातून काढून मापात आणतो, तळाशी नवा प्रायमर बसवतो, पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमच्या हिशोबात तोलतो, आणि गोळी रायफलिंगच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाच्या, आट्यांपासून किती मागे राहील ते इंचाच्या हजाराव्या भागात ठरवतो. पावडर आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांचे छापील तक्ते असतात. जाणता माणूस त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरू करतो, केसच्या तळावर आणि बोल्ट उघडताना जादा दाबाच्या खुणा दिसतात का ते पाहत थोडं थोडं वर जातो, आणि खूण दिसली की लगेच मागे येतो. बदलता येण्याजोग्या अनेक गोष्टी त्याच्या हातात असतात.

आपल्या .२२ लाँग रायफल काडतुसात यातलं काहीच हाती लागत नाही. त्याला वेगळा प्रायमर नाही. पेट घेणारं मिश्रण तळाच्या पोकळ कडेत, म्हणजे रिममध्ये बसवलेलं असतं. फायरिंग पिन ती कडच चेपते, त्यामुळे केस एका शॉटमध्ये संपते. गोळीचा मागचा भाग बारीक करून केसमध्ये खोवलेला असतो, बाहेर दिसणारा भाग केसच्याच जाडीचा, आणि त्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर. १८८७ साली आलेलं हे काडतूस आजही मूळ रचनेत तसंच आहे आणि ते यंत्रावरच बनतं. काडतूस उघडणं, पावडर कमी-जास्त करणं, गोळी आत दाबणं यात बोटं आणि डोळे जायची भीती आहे. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्यामुळे घरात हा प्रयोग कुणीही, कधीही करायचा नाही.

मात्र त्या लोकांची विचार करायची रीत आपण जरूर घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुरेसे शॉट मारायचे, सगळं लिहून ठेवायचं, आणि एखाद्या नशिबाने लागलेल्या सुंदर ग्रुपवर, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांच्या पुंजक्यावर, भाळायचं नाही. ते काडतूस घडवतात, आपल्याला ते निवडावं लागतं. आणि निवडायची असते ती कंपनी नव्हे, प्रतही नव्हे, तर लॉट.

लॉट म्हणजे एका खेपेच्या कच्च्या मालातून, एका यंत्रमांडणीवर सलग बनलेली काडतुसं. पितळ, शिसं, पावडर, रिममधलं मिश्रण, मेण यांपैकी काही बदललं की लॉटचा क्रमांक बदलतो. दुकान तेच, गव्हाचं नाव तेच, पण पोतं बदललं की पोळी बदलते, हे घरोघरी माहीत असतं. इथेही तसंच आहे. एकाच कंपनीच्या एकाच प्रतीचे दोन लॉट एखाद्या बॅरलमध्ये इतके वेगळे वागतात, की दोन कंपन्यांतला फरक त्यापुढे लहान वाटावा. मधल्या प्रतीचा मानवलेला लॉट वरच्या प्रतीच्या न मानवलेल्या लॉटपेक्षा सरस ठरतो, हे मी रेंजवर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुमच्या क्लबातले तिघं म्हणूनच तिघंही खरं सांगत असतील, फक्त आपापल्या बॅरलपुरतं.

बॅरलची आवडनिवड कुठून येते? मॅचच्या रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, इतकं घट्ट असतं, की बोल्ट बंद करतानाच शिशाच्या मऊ गोळीवर आट्यांच्या खुणा उमटतात. चेंबरचं माप, आट्यांची सुरुवात, बोअरची म्हणजे आतल्या पोकळीची रुंदी, बॅरलच्या तोंडाच्या (मझलच्या) कडेची, म्हणजे क्राउनची अवस्था, आणि शॉट सुटताना बॅरल कसं थरथरतं, हे सगळं मिळून कोणत्या वेगाची आणि किती कठीण शिशाची गोळी नीट जाणार ते ठरतं. दोन सलग क्रमांकांच्या नव्या रायफलीसुद्धा एकच लॉट सारख्या आवडीने खात नाहीत. जुन्या मालकाला कोणती काडतुसं चालत होती ते जरूर विचारा, पण त्या वेळचा लॉट आता बाजारात मिळायचा नाही. शिवाय मधल्या काळात बॅरलही झिजलेलं असेल.

आता गुणांकडे येऊ. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. रेषेला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. प्रत्येक पुढची रिंग आणखी ८ मिलिमीटरवर. दशांशात मोजताना ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने या प्रकारात भारताला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. पात्रता फेरीतले त्याचे ५९० गुण म्हणजे निलिंग १९८, प्रोन १९७, स्टँडिंग १९५. अंतिम फेरीत दशांश मोजले जातात आणि तिथे ४५१.४ वर त्याला कांस्य मिळालं. या पातळीवर पोचल्यावर काडतुसातला एक मिलिमीटरही महत्त्वाचा ठरतो. तुमची मुलगी आज जिथे आहे तिथे तो किती महत्त्वाचा आहे, हे मोजून बघता येतं, आणि पैसे खर्च करण्याआधी ते मोजावं असं माझं ठाम मत आहे.

हिशोब असा. लक्ष्यावरचा पसारा दोन कारणांनी होतो: खेळाडूची पकड आणि ट्रिगर हे एक, रायफल आणि काडतूस हे दुसरं. हे दोन पसारे साध्या बेरजेने एकत्र येत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावं लागतं, त्यामुळे मोठा पसारा लहानाला झाकून टाकतो. समजा चांगल्या लॉटचं प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचं माप, आडव्या आणि उभ्या अशा प्रत्येक अक्षावर ३ मिलिमीटर आहे आणि न मानवलेल्या लॉटचं ५. प्रोनमध्ये मुलीच्या पकडीचं विचलन ३ धरलं, ग्रुप बरोबर मध्यावर आहे असं मानलं, तर २० शॉटमध्ये चांगल्या लॉटला सुमारे १९६.६ गुण येतात आणि दुसऱ्याला सुमारे १९१.७. म्हणजे पाच गुण निव्वळ काडतुसाचे. स्टँडिंगमध्ये तिच्याच पकडीचं विचलन १० धरा, जे तिच्या टप्प्यावर अगदी साहजिक आहे. तिथे चांगल्या लॉटला १७७ आणि दुसऱ्याला १७५, फरक दोनच गुणांचा. आणि काडतूस तेच ठेवून तिने सरावाने स्टँडिंगची पकड १० वरून ८ वर आणली, तर गुण १८३ पर्यंत जातात. सहा गुण, तेही लॉट न बदलता.

म्हणून माझा सल्ला असा: प्रोनमध्ये ती सरावात १९० च्या खालीच घुटमळत असेल, तर वरच्या प्रतीच्या डब्यांवर पैसे घालू नका. चांगल्या, मधल्या किमतीच्या काडतुसांचा जास्त सराव, जॅकेटची नीट फिटिंग आणि रोज घरी कोरडा, म्हणजे काडतुसाविना, सराव यांवर ते पैसे लावा. प्रोन १९३-१९५ च्या आसपास येऊन अडकलं असेल आणि प्रशिक्षक म्हणत असतील की शॉट स्वच्छ सुटतोय तरी नऊ लागतो, तर मात्र लॉट शोधायची वेळ आली आहे. प्रोन हीच त्याची कसोटी, कारण तिथे खेळाडूचा पसारा सर्वांत लहान असतो आणि काडतुसाचा दोष उघडा पडतो. २०१० साली म्युनिकमध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. त्या प्रकारात एकेक नऊ महाग पडतो आणि रायफल-काडतुसाची जोडी जमलेली असणं ही मूळ अट आहे.

काडतुसाचा सगळ्यांत मोठा दोष कोणता, तर वेगातली असमानता. मॅचची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, आणि सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटर जाईपर्यंत ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. वेग १ टक्क्याने घटला तर ती आणखी अडीच मिलिमीटर खाली लागते. डब्यातल्या सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत मंद गोळीत सेकंदाला १० मीटरचं अंतर असेल, तर नुसत्या त्यानेच ग्रुप उभा सात-साडेसात मिलिमीटर ताणला जातो. यात बॅरल थोडी मदत करू शकतं. थरथरताना मझल वर जात असेल, तर उशिरा बाहेर पडणाऱ्या मंद गोळीला किंचित वरचा कोन मिळतो आणि घसरण काही अंशी भरून निघते. बॅरलच्या पुढची नळी आणि तिच्यावरची वजनं सरकवली की ग्रुप बदलतो तो बराचसा याच कारणाने. त्यामुळे मुलीच्या रायफलवर ती वजनं असतील तर आधी तिला तोल कुठे हवा ते पक्कं करा, वजनं जागच्या जागी घट्ट आवळा, आणि मगच चाचणी घ्या. नंतर वजन हलवलं तर चाचणी वाया गेली असं समजा.

चाचणीआधी रायफल तपासणं सगळ्यांत जास्त टाळलं जातं, आणि वापरलेल्या रायफलीत तर तेच सगळ्यांत गरजेचं आहे. कोणताही लॉट घातला तरी ग्रुप उभाच ताणला जात असेल तर फायरिंग पिनची स्प्रिंग थकलेली असू शकते. रिमवरचा घाव कधी हलका, कधी जड पडतो, मिश्रण कधी नीट पेटतं कधी नाही, आणि वेग डळमळतो. उडालेल्या केसवरच्या पिनच्या खुणा भिंगाखाली एका ओळीत ठेवून पाहा. खोली सारखी दिसली पाहिजे. ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, स्टॉकला धरून ठेवणारे स्क्रू टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर घट्ट करा आणि तो आकडा वहीत लिहा. क्राउनवर ओरखडा आहे का ते बघा. चेंबरच्या लगेच पुढे काजळीचं कडं साचतं, ते नुसत्या फेल्टच्या बोळ्याने जात नाही. माहीतगार आर्मररकडून एकदा साफ करून घ्या. घरी लोखंडी रॉड मझलकडून घालून घासू नका, कारण क्राउन बिघडवायचा तो हमखास मार्ग आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी. सर्वोत्तम सोय काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यांकडेच आहे: एलीची बर्मिंगहॅमला, आरडब्ल्यूएसची न्यूरेंबर्गजवळच्या फ्युर्थला, लापुआच्या रिमफायरची जर्मनीतल्या शोनेबेकला. तिथे रायफलचं बॅरल आणि ॲक्शन शिकंजात आवळतात, एकामागून एक लॉट मारतात, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक गोळीची जागा नोंदवतं, आणि जो लॉट पसंत पडेल तो तुमच्या नावाने बाजूला ठेवता येतो. राष्ट्रीय संघातले खेळाडू युरोपच्या दौऱ्यात ते करून घेतात. आपण आपल्या रेंजवर करायचं.

बालेवाडीसारखी ५० मीटरची इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं असलेली रेंज मिळाली तर उत्तम, कागदी लक्ष्यावरही होतं. रेंज ऑफिसरची परवानगी घ्या. पहाटेची, वारा पडलेली वेळ निवडा. सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा या गोळीला पाच-सहा मिलिमीटर ढकलतो, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूकही दोन लॉटमधला खरा फरक पुसून टाकते. शिकंजा नसेल तर पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून, जमल्यास दुर्बीण लावून, क्लबातल्या सगळ्यांत स्थिर नेमबाजाकडून मारून घ्या. मुलीनेच प्रोनमध्ये मारलं तर त्यात तिची पकडही मिसळते, आणि आपल्याला या टप्प्यावर तिची परीक्षा घ्यायची नाही.

लॉट बदलला की बॅरलमध्ये आधीचं मेण आणि शिसं असतं. नव्याचा थर बसायला वीस-पंचवीस गोळ्या जाऊ द्या, विशेषतः कंपनी बदलत असाल तर. त्यानंतर दहा-दहाचे किमान चार ग्रुप मारा. ५० च्या डब्यात हे बसत नाही, म्हणून प्रत्येक लॉटचे दोन डबे धरा. क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी अ, ब, क असा घेतला तर दुसऱ्या दिवशी क, ब, अ असा घ्या. नाहीतर सकाळच्या थंड हवेत मारलेला लॉट चांगला आणि ऊन चढल्यावर मारलेला वाईट असा खोटा निष्कर्ष निघतो. एखादी गोळी बाहेर गेली तर ती "फ्लायर" म्हणून गाळायची नाही. शिकंजातून किंवा पिशवीवरून सुटलेली बाहेरची गोळी हीच त्या लॉटची खरी बातमी असते, कारण स्पर्धेत तीच गोळी आठ आणते.

बहुतेक चाचण्या इथेच फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. पाच गोळ्यांचा एक ग्रुप काहीही सिद्ध करत नाही. एकाच बॅरलमधून, एकाच डब्यातून, एकाच सकाळी पाच-पाचचे दहा ग्रुप मारले तर त्यातला सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या दुप्पट निघणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठाच होत जातो: दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे पाव पटीने मोठा असतो, लॉट तोच असला तरी. त्यामुळे कुणी पाचाचा ग्रुप दाखवून तुमच्या दहाच्या ग्रुपशी तुलना करत असेल तर ती मान्य करू नका. दुसरं, ग्रुपची सर्वांत लांब दोन भोकं मोजणं म्हणजे चाळीसातल्या दोनच गोळ्यांचं ऐकणं. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक गोळीचे आडवे-उभे आकडे देतं. त्यावरून ग्रुपचं मध्य काढा, प्रत्येक गोळीचं त्या मध्यापासूनचं अंतर काढा, आणि त्याची सरासरी घ्या. चाळीस गोळ्यांची ही सरासरी त्रिज्या एका ग्रुपच्या रुंदीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. संगणकावरच्या साध्या तक्त्यात हे दहा मिनिटांचं काम आहे आणि सतराव्या वर्षी तुमची मुलगी ते स्वतः करू शकेल. तिने करावंच, आपल्या रायफलविषयी तिला जे कळेल ते कुणी सांगून कळणार नाही. लक्ष्यावरचे गुण मात्र चाचणीत धरू नका, कारण लॉट बदलला की ग्रुपची जागाही सरकते आणि साइट न बदलल्यामुळे चांगल्या लॉटला उगीच कमी गुण पडतात.

आणखी एक गोष्ट. सहा लॉट तपासले आणि एक पहिला आला, तर त्याच्या पहिल्या येण्यात थोडा वाटा नशिबाचा असतोच. म्हणून पहिले दोन लॉट वेगळ्या दिवशी पुन्हा मारायचे. दुसऱ्या वेळी आकडे थोडे बिघडतील, ते अपेक्षित आहे. क्रम टिकला तर लॉट घ्या. दोघांत फरक उरला नाही तर स्वस्त असेल तो घ्या.

आपल्या हवामानाचा मुद्दा युरोपातल्या सल्ल्यात सापडत नाही. मॅचची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते. हवा ५ अंश असताना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३४ मीटर, २० अंशांना ३४३, ४० अंशांना ३५५. म्हणजे उन्हाळ्यात या बाजूने आपल्याला धोका नाही. पण उष्णतेने पावडर जोरात जळते, गोळीचा वेग वाढतो, आणि मेण पातळ होतं. थंड बंदिस्त हॉलमध्ये निवडलेला लॉट मे महिन्यातल्या उघड्या रेंजवर तसाच वागेल अशी खात्री धरता येत नाही. बर्फातल्या स्कीइंग-नेमबाजीच्या खेळासाठी, म्हणजे बायथलॉनसाठी, लापुआ पोलर नावाने वेगळं काडतूस बनवते, त्यावरून तापमानाचा परिणाम किती खरा आहे ते कळतं. शक्य असेल तर निवडलेला लॉट एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी मारून पाहा, आणि दोन्ही वेळी ग्रुपचं मध्य किती वर-खाली झालं ते साइटच्या क्लिकमध्ये लिहून ठेवा. स्पर्धेच्या दिवशी साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट, मारताना ती नोंद उपयोगी पडते.

डबे गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. एकदा मेण वितळून एका बाजूला उतरलं की तो डबा सरावाला लावायचा. कोकणात राहत असाल तर झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दव धरतं. रेंजवर डबा सावलीत. आणि वारा थांबायची वाट पाहताना काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये ठेवून बसू नये, मुलीला ही सवय आत्तापासून लावा. वारा वाचायचा, मग काडतूस चढवायचं, मग मारायचं. आधी चढवलं आणि मग बोल्ट उघडून काढायला गेलं तर घट्ट चेंबरमध्ये कधी कधी गोळी आट्यांत अडकून राहते, केस तेवढी बाहेर येते आणि पावडर ॲक्शनमध्ये सांडते. तसं झालं तर लगेच थांबायचं, रायफल सुरक्षित दिशेला ठेवायची आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. दुसरं काडतूस घालायचं नाही.

रिमची जाडी मोजून काडतुसं वेगळी करणं, प्रत्येक काडतूस तोलणं, असे उद्योग काही जण करतात. मॅच प्रतीच्या काडतुसात त्यातून हाती काही लागतं असं मला दिसलेलं नाही. तो वेळ मुलीच्या सरावाला द्या. एलीच्या डब्यावर लॉटचा वेग फूट प्रतिसेकंदात छापलेला असतो. तो प्रतीचा शिक्का नाही. एखादं बॅरल एका पट्ट्यातल्या वेगाला बरं वागतं एवढंच त्यावरून पुढे अंदाज बांधता येतो, म्हणून वहीत लिहा, पण नुसता आकडा पाहून माल घेऊ नका.

खरेदीत आपली अडचण अशी, की परदेशी काडतुसं खेपेने येतात आणि जो लॉट आला तो घ्यावा लागतो. तरी एका खेपेत बहुधा एकापेक्षा जास्त लॉट असतात. डब्यांवरचे क्रमांक पाहा, प्रत्येक लॉटचे दोन डबे घेऊन आठवड्याभरात चाचणी करा, आणि उरलेला माल संपायच्या आत निर्णय घ्या. क्लबात चार-पाच मुलं असतील तर त्याच डब्यांतून सगळ्यांच्या रायफली तपासून होतात. जो लॉट एकाला मानवत नाही तो दुसऱ्याला मानवतो आणि काही वाया जात नाही. खरेदी आणि साठा अर्थातच ज्याच्या त्याच्या परवान्यावरच्या मर्यादेत. किती घ्यायचं? सामन्याचे ६० शॉट, साइटर, आणि अंतिम फेरी गाठली तर ती धरून एका स्पर्धेला दोन-तीन डबे. मोसमातल्या स्पर्धा आणि प्रत्येक स्पर्धेआधीच्या आठवड्याचा सराव एवढ्यासाठी तो लॉट राखून ठेवा. रोजच्या सरावाला त्याच कंपनीची खालची प्रत घेतली तर मेण बहुधा जुळतं आणि बदलताना बॅरल लवकर बसतं. पण स्पर्धेच्या आधीच्या सरावांत फक्त राखीव लॉटच वापरायचा, म्हणजे साइटचे क्लिकही पक्के राहतात.

तुमच्या बाबतीत मी हा क्रम धरीन: आधी आर्मररकडून फायरिंग पिन, क्राउन आणि चेंबर तपासून घ्या, मग आत्ता जी काडतुसं घरात आहेत त्यांचे दहा-दहाचे चार ग्रुप पिशवीवरून मारा. त्यांची सरासरी त्रिज्या ४ मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी आली, तर या मोसमात लॉट शोधायची गरजच नाही. स्टँडिंगवर काम करा. ६ च्या वर आली तर पुढची खेप आल्यावर वर सांगितलेली चाचणी करा. आकडे हाती आले की प्रत्येक गोळीच्या आडव्या-उभ्या नोंदींसह कळवा. ग्रुप उभा ताणला आहे की आडवा, ते पाहून पुढे रायफलकडे बघायचं की डब्याकडे ते सांगतो.